इन्शिराहखालाचं पिवळं पाणी

इन्शिराहखालाला चहाच्या खोलीतून हाकललं ते एका बाटलीपायी.

आमचा कारखाना शुब्रा अल-खैमात, नळ बनवणारा. ओतायचे, घासायचे आणि मग त्यावर क्रोमचा मुलामा चढवायचा. मी घासकामातला. नळ असा घासतो की त्यात आपलं थोबाड दिसतं, आणि ते दिसलं की दिवस वाईट जातो. मुलाम्याच्या हौदांतून नळ बाहेर काढून धुतले की ते पाणी मागच्या नाल्यात जायचं. पिवळंधमक पाणी. नाल्यापलीकडचा न्हावी गिऱ्हाइकांना म्हणायचा, ‘बघा, हाजींच्या घरून सोनं वाहतंय.’

हाजी म्हणजे मालक, बसयूनी. कपाळावर नमाजातल्या सजद्याचा काळा डाग, हातात माळ, आणि दरवर्षी मक्केची वारी. मनानं वाईट नव्हता. फक्त जे डोळ्यांआड गेलं ते अल्लाच्याही डोळ्यांआड गेलं, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

पर्यावरणाचा निरीक्षक यायचा तेव्हा हाजी त्याला जेवायला बसवायचा आणि तपासणीची बाटली आतून भरून यायची, नळाच्या स्वच्छ पाण्याची. हे काम खालाचं. ती तेव्हा आम्हाला चहा द्यायची. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, आवाज असा की मुलाम्याच्या शेडमधला पंखा चालू असला तरी तिची शिवी शेवटच्या माणसापर्यंत शाबूत पोचायची. एक नवरा तिनं पुरला होता आणि दुसरा, मेतवल्ली, घराबाहेर काढला होता. पहिल्याबद्दल ती चांगलं बोलायची, कारण तो उलट बोलू शकत नव्हता.

तर एकदा निरीक्षक आला आणि नेमकं त्या दिवशी पाणी गेलं. नळ कोरडे. नळांच्या कारखान्यात! हाजीनं आतून खुणावलं, बाटली आण. खालानं इकडंतिकडं पाहिलं आणि चहाच्या मोठ्या तांब्याच्या किटलीतलं उरलेलं पाणी बाटलीत ओतलं. त्या किटलीची कल्हई कधीच उडाली होती आणि खाला तिच्यात रोज करकदे उकळायची, ते लाल आंबट फुलांचं पेय. आंबटानं तांबं सुटतं, हे आम्हाला कुणाला ठाऊक?

अहवाल आला. पाण्यात तांबं मर्यादेच्या कितीतरी पट, आणि खाली शेरा: ‘किंचित गुलाबी छटा.’ आमच्या खऱ्या नाल्याचं पाणी दिलं असतं तर निदान तांबं तरी कमी निघालं असतं.

हाजीनं तिला बोलावलं. मी तेव्हा दाराशीच होतो, ऐकायला म्हणूनच थांबलो होतो.

“इन्शिराह, स्वच्छ पाणी मागितलं होतं मी!”

“तेच पाणी तुम्ही सकाळी चहात प्यालात, हाजी. तेव्हा बरं चाललं.”

“तुला स्वच्छ पाणी घाण करता येतं ना? मग जा, आता घाण पाणी स्वच्छ कर. मागच्या शेडमध्ये. आजपासून!”

मागची शेड म्हणजे पाणी शुद्ध करायची जागा. परवान्यासाठी बांधली होती, हौद, पंप, नळ्या, सगळं. पण चालू कधी केली नव्हती. रखवालदार शहाता त्यातल्या सगळ्यात मोठ्या हौदात ससे पाळायचा. कोरडा हौद, उंच भिंती, सशांना पळता येत नाही. शहाताच्या मते सरकारनं यासाठीच असे हौद सक्तीचे केले होते. खाला तिथं पोचली तेव्हा एक ससा गाळ काढायच्या नळीत झोपला होता.

“यांना हलव,” खाला म्हणाली.

“कुठं हलवू? माझी बायको त्यांना घरात घेत नाही.”

“तुला घेते ना? मग त्यांना का नाही?”

आठवडाभर दोघांचं भांडण चाललं. शेवटी ससे कंपाउंडच्या कोपऱ्यात पिंजऱ्यात गेले आणि खालाच्या घरी एकदा मुलुखियाच्या पातळ भाजीबरोबर ससा शिजला. तह झाला म्हणायचा.

आता शेड चालवायची कशी? हाजीला अहवालाची भीती बसली होती, म्हणून त्यानं एक इंजिनियर ठेवला. वजीह त्याचं नाव, ख्रिस्ती पोरगा, तान्ताचा. बारीक, सभ्य, हात सारखे धुणारा. रसायनं त्याला तळहातासारखी माहीत होती आणि त्यामुळंच तो कायम घाबरलेला असायचा. मदतीला आपल्याला चहावाली बाई मिळाली आहे हे कळल्यावर तो हात धुवून आला, मग म्हणाला, “बरं. तुम्हाला कमी विसरावं लागेल.”

त्यानं तिला पहिल्यांदा पिवळ्या पाण्यापुढं उभं केलं.

“हे क्रोम. पिवळं आहे तोवर विषारी. आत गेलं तर कर्करोग होतो. आधी यात ॲसिड घालायचं. पट्टी बुडवून बघायची, लाल झाली पाहिजे. मग हे मीठ.”

“काय नाव त्याचं?”

“सोडियम मेटाबायसल्फाइट.”

तिनं पिशवी उघडली. काडी पेटवल्यावर येतो तसला वास भसकन वर आला, डोळ्यांतून पाणी काढणारा. खालानं पिशवी हातभर लांब धरली. “एवढं लांब नाव मला यायचं नाही. याला मेतवल्ली म्हणते. तोही असाच होता. तोंड उघडलं की डोळ्यांत पाणी.”

मग तिनं ते हौदात टाकलं, ढवळलं, आणि पिवळ्याचं हिरवं झालं. हळूहळू नाही, आधी मळकट झालं आणि मग एकाएकी, कुणी गिलावा फिरवावा तसं, हिरवं. मी दारातून पाहत होतो. इन्शिराहखाला हौदावर वाकली.

“गेलं विष?” तिनं विचारलं.

“बहुतेक गेलं. आता चुना घालायचा, की क्रोम गाळ होऊन खाली बसेल. वरचं पाणी सोडायचं, गाळ दाबून, वाळवून दूरच्या बंदिस्त खड्ड्यात पाठवायचा.”

“आणि हे रोज असंच होणार?”

“नीट केलंत तर रोज.”

झालं. त्या दिवसापासून ती बाई असह्य झाली. जो भेटेल त्याला ओढून मागं न्यायची आणि पिवळ्याचं हिरवं करून दाखवायची. न्हाव्याला दाखवलं. मशिदीत बांग देणाऱ्या मुअज्जिनला दाखवलं. माझ्या बापाला दाखवलं, ज्याला एक डोळा नाही आणि दुसऱ्याला रंग कळत नाहीत. तो बिचारा म्हणाला, “माशाल्ला.” वर तिची ऐट अशी, की जणू क्रोम तिनंच शोधलं. चुकाही ती धडाक्यानं करायची. एकदा चुना इतका ओतला की पंप आतून दगड झाला, आणि वजीह छिन्नी घेऊन संध्याकाळपर्यंत तो फोडत बसला. खाला शेजारी उभी राहून सांगत होती, “जरा खालून मार. नाही, खालून!”

क्रोमपेक्षा भयंकर होतं दुसरं पाणी. नळांच्या मुठी वेगळ्या धातूच्या असतात, त्यांना क्रोमआधी तांब्याचा थर लागतो आणि त्या हौदात सायनाईड असतं. ते पाणी दिसायला निवळ. वजीहनं सांगितलं, यात आधी कॉस्टिक घालायचं, मग ब्लीच, म्हणजे विष मोडतं. पण याला ॲसिडचा थेंबही लागता कामा नये. लागला तर वायू सुटतो, आणि त्यातून माणूस उठेलच असं नाही.

“दिसायला गरीब, आवाज नाही, आणि डिवचलं की जीव घेते,” खाला म्हणाली. “ही माझी सासू.”

तेव्हापासून ते सासूबाईंचं पाणी. नळ्या वेगळ्या, हौद वेगळे, मध्ये भिंत. सासूबाईंची सोय लावल्याशिवाय त्यांना बाकीच्यांत मिसळू द्यायचं नाही, हा नियम खालानं सगळ्या कारखान्याला पाठ करून घेतला. मेतवल्ली आणि सासूबाई ही नावं इतकी रुळली की नव्या कामगारांना वाटायचं मागच्या शेडमध्ये एक कुटुंब राहतं.

एकदा हाजी उम्र्याला, मक्केच्या छोट्या वारीला, निघाला होता, सगळे त्याला निरोप देत होते, दुवा मागा म्हणत होते. खाला हात पुसत आली.

“हाजी, तुम्ही तिकडं पाप धुवा, मी इकडं तुमचं पाणी धुते. बघू कोण आधी दमतं.”

हाजी हसला. जवळ उभा असलेला जावई हसला नाही. हा जावई, इहाब, नुकताच आखातातून परत आला होता. शर्ट इस्त्रीचा, अत्तर इतकं की तो यायच्या आधी त्याचा वास येऊन बसायचा. त्याला कारखाना ‘सुधारायचा’ होता. सुधारणा म्हणजे त्याच्या लेखी भिंती पाडणं. त्यानं कार्यालयाची भिंत पाडली, मग जेवणाच्या खोलीची. मग त्याची नजर मागं गेली.

रमजान होता आणि उन्हाळाही. वजीहची बायको बाळंत व्हायची होती म्हणून तो तान्ताला गेला होता. शुक्रवारच्या सुट्टीत इहाबनं प्लंबर बोलावून दोन्ही पाण्यांच्या नळ्या एकत्र जोडून घेतल्या. शनिवारी खाला आली तर भिंतीतून एक नवीकोरी राखाडी नळी सासूबाईंच्या बाजूनं क्रोमच्या हौदाकडं आलेली, आणि मध्ये लाल चाकाचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह अजून बंद होता. इहाबला तो सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं उघडायचा होता.

“हे काय आहे?” खालानं विचारलं.

“दोन-दोन हौद, दोन-दोन पंप कशाला?” इहाब म्हणाला. “शेवटी सगळं एकाच नाल्यात जातं ना?”

“शेवटी आपण सगळे एकाच कबरस्तानात जातो, म्हणून आजच निघायचं का? इकडं ॲसिड आहे. यात सासूबाई आल्या तर शेडमधलं कुणी इफ्तारला घरी पोचायचं नाही.”

“इन्शिराहबाई, तुम्ही चहा करत होतात.”

“होय, आणि तुम्ही तो पीत होतात. कुणी मेलं का?”

तो व्हॉल्व्हकडं सरकला. खाला त्याच्या आधी पोचली. तिनं चाकाचा नट हातानंच फिरवला, प्लंबरनं तो नीट आवळलाच नव्हता. चाक काढलं, आणि गळ्यातून आत घालून छातीशी ठेवून दिलं.

“हवं असेल तर या, घ्या.”

इहाबचा चेहरा बघण्यासारखा होता. रोजा धरलेला माणूस, भर दुपार, भोवती सगळे कामगार, आणि चाक तिथं. त्यानं शहाताकडं पाहिलं. शहाता म्हणाला, “साहेब, मी रखवालदार आहे, वीर नाही.”

आता सासूबाईंच्या पाण्याला वाट उरली नाही. जुनी नळी प्लंबरनं कापलेली, नवी बंद. हौद काठोकाठ आला, तांब्याचं काम थांबलं, मग मागोमाग सगळंच. यंत्रं बंद झाल्यावर कारखान्यात जी शांतता पसरली तिच्यात आमच्या पोटांचे आवाज ऐकू येत होते. हाजी खाली आला.

“चाक दे, इन्शिराह.”

“हाजी, वजीहला फोन करा. तो हो म्हणाला तर देते.”

“मालक वजीह आहे की मी?”

“कारखान्याचे तुम्ही. विषाचा तो.”

हाजीनं फोन लावला. तान्ताच्या दवाखान्यात वजीहचा फोन वाजत राहिला. बाळ त्याच वेळी यायचं होतं. आणि इथं इहाबची सहनशक्ती संपली. त्यानं एक बादली घेतली. थोडं पाणी इकडच्या हौदातून, थोडं तिकडच्या हौदातून, आणि अंगणात मधोमध ठेवली.

“बघा! काय झालं? काही झालं का?”

“दूर हो त्याच्यापासून!” खाला ओरडली. “गाढवा, दूर हो!”

मालकाच्या जावयाला गाढव म्हटल्यामुळं आम्ही सगळे तिच्याकडं बघायला लागलो, आणि तेवढ्यात त्यानं ॲसिडच्या पिंपातून एक मग भरून बादलीत ओतला. शिंतोडे त्याच्या पँटवर उडाले. तो बादलीवर वाकला.

“वाससुद्धा नाही!” तो म्हणाला. काही माणसांना तो वास येतच नाही, हे वजीहनं आम्हाला नंतर सांगितलं. इहाब सरळ उभा राहायला गेला, चेहऱ्यावर मोठा प्रश्न पडल्यासारखा भाव आला, आणि तो बादलीशेजारी आडवा झाला.

आम्ही धावलो. खालानं आडवा हात मारून आम्हाला मागं ढकललं. “वाऱ्याच्या मागून या! श्वास घेऊ नका!” नळ टांगायचा लांब लोखंडी आकडा तिनं उचलला, डोक्यावरचा तरहा तोंडावर दाबला, वाऱ्याच्या बाजूनं गेली आणि आकडा त्याच्या पट्ट्यात अडकवला. महागाचा पट्टा होता, तुटला नाही. तिनं त्याला मेंढरासारखा फरफटत अंगणाच्या पार टोकाला, सशांच्या पिंजऱ्यापर्यंत आणला. मी पाय धरायला गेलो, तर म्हणाली, “कपडे उतरव त्याचे. ओले आहेत.”

तेवढ्यात वजीहचा फोन आला. हाजीनं कसंबसं काय झालं ते सांगितलं. आतून वजीहचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला: “उघड्यावर ठेवा! तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका! रुग्णवाहिकेला सायनाईड म्हणून सांगा, तोच शब्द सांगा!”

“तोंडाला तोंड कोण लावतंय?” खाला म्हणाली, आणि इहाबच्या दोन मुस्काटात दिल्या. त्यानं डोळे उघडले, ओकला, पुन्हा मिटले. तिनं आणखी दिल्या. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं की माणूस उघड्या हवेत लवकर आला म्हणून वाचला. मुस्काटातल्यांचा उपयोग काय झाला, हे त्यानं सांगितलं नाही. आमच्या मते शेवटच्या काही केवळ आवडीनं दिल्या होत्या.

बादलीजवळ कुणाला फिरकू न देता ती वाऱ्याकडं पाठ करून तिथंच बसून राहिली. मी पाणी आणलं. रोजा होता, पण ती प्यायली. “अल्लाला मी सांगते काय ते,” म्हणाली. मग चाक बाहेर काढून मांडीवर ठेवलं आणि रडली. फार नाही. नाक पुसून लगेच मला म्हणाली, “बघतोस काय? मेल्याच्या चड्डीवर बदकं होती, पाहिलीस का?”

पाहिली होती. सगळ्यांनी पाहिली होती.

वजीह रात्रीच्या गाडीनं परत आला, मुलीचा बाप होऊन. त्यानं तोंडावर मुखवटा चढवून बादली निस्तरली, नळी कापली, भिंत पूर्ववत केली. खालाला म्हणाला, “चाक काढण्याची युक्ती मला सुचली नसती.”

“सुचली असती, पण ठेवायला जागा नव्हती,” ती म्हणाली.

हाजीनं बाहेर मात्र असं सांगितलं की इहाबला रोज्यानं चक्कर आली. मशिदीत लोक हळहळले. एवढ्या उन्हात रोजा मोडला नाही, केवढी श्रद्धा! इफ्तारला शेजाऱ्यांकडून त्याला खजूर आणि बसबूसा मिठाईची ताटं आली. खालाच्या घरी काही आलं नाही. ती गल्लीत उभी राहून हे सगळं बघत होती आणि तिच्या मानानं फारच थोडं बोलली.

ईदनंतर हाजी पहिल्यांदा मागच्या शेडमध्ये आला. नाकाला रुमाल. पिवळ्या पाण्यापुढं थांबला, खालानं मेतवल्ली टाकला, पाणी हिरवं झालं. हाजीनं नाकावरचा रुमाल खाली घेतला.

“हे रोज होतं?”

“नीट केलं तर रोज.”

“माझी मुलगी विधवा झाली असती, इन्शिराह. माग, काय मागायचं ते. उम्र्याला पाठवू?”

“पाठवा. आणि नवा पंपही द्या.”

“दोन्ही?”

“उम्रा जावयाच्या जिवाबद्दल, हाजी. पंप पाण्यासाठी.”

दोन्ही मिळालं. मक्केहून ती वजीहला फोन करायची, आणि पलीकडून अजान ऐकू यायची आणि तिचा आवाज, “हिरवं झालं का रे? पट्टी लाल बघितलीस का?” परत आली तेव्हा तिला लोक हाजिया म्हणायला लागले. शिव्या कमी होतील असं आम्हाला वाटलं होतं. झाल्या नाहीत; फक्त आधी ‘बिस्मिल्ला’ लागू लागलं.

इहाब बरा झाला. कार्यालयात बसतो, मागच्या बाजूला जात नाही. खाला समोर आली की उभा राहतो, आणि आपण का उभे राहिलो हे लक्षात आलं की खुर्ची सारल्यासारखं करतो.

मग काही वर्षांनी वजीहनं हाजीच्या मागं लागून क्रोमचा हौदच बदलून घेतला. नवं क्रोम पहिल्यापासूनच हिरवं, पिवळ्याइतकं विषारी नाही, ॲसिड नको, मीठ नको, नुसता चुना पुरे. सगळ्यांसाठी चांगलं. खाला हौदाशी उभी राहून त्याच्याकडं बघत राहिली.

“म्हणजे पाणी आधीच हिरवं येणार?”

“हो, खाला. विषच येणार नाही.”

“आणि मी काय करू? त्याच्याशी गप्पा मारू?”

ती वजीहशी महिनाभर बोलली नाही. नवं पाणी आळशी आहे, त्याच्यात दम नाही, असं सगळ्यांना सांगत फिरली. सासूबाई होत्याच, त्यांचं ब्लीच ती शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं घालत होती. पण तिचं मन उडालं होतं. गुडघ्यांचं निमित्त करून तिनं काम सोडलं आणि बन्हाजवळच्या गावी बहिणीकडं राहायला गेली. निरोपाच्या वेळी वजीह रडला, आणि त्याची मुलगी खालाचा हात सोडेना, तिनं गोंधळ घातला.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला, मला नाही, वजीहला. मी शेजारी होतो. बहिणीच्या गावात कुणी चीज बनवून विकायचं दुकान टाकलंय, आणि त्याचं आंबट पाणी कालव्यात सोडतो, म्हशी पीत नाहीत. ती त्याच्याशी भांडून आली होती. उमदाशी, म्हणजे गावच्या प्रमुखाशीही. आता पुढं काय करायचं ते विचारत होती.

वजीहनं जेवण बाजूला सारलं आणि सांगायला लागला. आधी आंबटपणा मोजायचा, मग चुना किती, तो कसा मुरवायचा, साय कशी काढायची, उरलेलं शेतात कधी चालतं आणि कधी नाही. मध्येमध्ये पलीकडून हुकूम येत होते: “हळू! मेव्हणा लिहून घेतोय.” वजीह पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. त्याचं जेवण थंडगार झालं.

फोन ठेवल्यावर त्यानं मला विचारलं, “तिचा मेव्हणा काय करतो रे?”

“म्हशी राखतो,” मी म्हणालो. “लिहिता येत नाही त्याला.”